फक्त दाखवायचंय

"फक्त दाखवायचंय हो. दोन मिनिटांचं काम. त्यालाही पैसे?"

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. बहुधा म्हटलेलंही आहे. दवाखान्याच्या काउंटरपाशी उभं राहून, मागच्या बाकावरच्यांना फारसं ऐकू जाऊ नये पण अगदीच न जाऊ नये अशा बेताच्या आवाजात आपण सगळेच ते कधी ना कधी म्हणतो. मग काउंटरपलीकडचं माणूस काही न बोलता पाटीकडे बोट दाखवतं.

या डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरपलीकडे मावशी बसायच्या. त्या कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण डॉक्टरांपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांच्या डोक्यावर पाटी होती, 'पुन्हा दाखवण्यासाठी निम्मी फी पडेल.' दिवसातून इतक्या वेळा बोट वर करून करून आपला खांदा धरलाय, असं मावशींचं म्हणणं होतं.

ही पाटी डॉक्टरांनी हावरेपणानं लावली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही त्यांना चोर ठरवून मोकळे व्हाल. दवाखाना मूळचा बाईंचा. बाई म्हणजे डोळ्यांच्या जुन्या, नावाजलेल्या डॉक्टर. हे डॉक्टर त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि बाईंनी काम थांबवल्यावर दवाखाना यांच्याकडे आला. सोबत बाईंची पद्धतही आली. एकदा फी दिली की पुढचं दाखवणं फुकट. पुढचं म्हणजे नक्की किती पुढचं, हे मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं. लोकांना बोट दिलं तर ते हात धरतात, त्यातलाच प्रकार झाला. एक गृहस्थ कधीकाळी दिलेल्या फीवर दर महिन्याला यायचे. एक ताई स्वतःसोबत शेजारणीचा चष्माही तपासून न्यायच्या. एक आजोबा तर घरी पाहुणे आले की इथे बाकावर येऊन वर्तमानपत्र वाचत बसायचे, आणि नंबर आला की म्हणायचे, "आलोच आहे तर बघून घ्या." तोवर डोळ्यात खडा गेलेला खराखुरा रोगी बाकाच्या टोकाला पाणी गाळत बसलेला असे.

म्हणून पाटी लागली, आणि तिचा गुण ताबडतोब आला. बाक मोकळे झाले. आजोबांनी वर्तमानपत्रासाठी दुसरी जागा शोधली. डॉक्टर वेळेवर जेवू लागले, ही तर त्यांच्या घरी नवलाईच होती. आणि इथेच डॉक्टरांची एक चूक झाली. इतका हुशार माणूसच ती करू शकतो! जे परत येत नाहीत ते बरे झाले, असं ते धरून चालले.

बाई अधूनमधून दुपारी चहाला येत. एकदा डॉक्टर खुशीत म्हणाले, "बाई, हल्ली दुसऱ्यांदा यावंच लागत नाही कोणाला. एकदा औषध दिलं की संपलं."

"बरे झाले म्हणून कोणी कळवलं का तुला?" बाईंनी विचारलं.

"कळवायचं काय त्यात? बरे नसते तर आले असते."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि विषय तिथेच राहिला.

दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एका घड्याळजींचं दुकान होतं. दुकान कसलं, एक काचेचं टेबल, एक दिवा आणि मागच्या भिंतीवर एकमेकांशी न पटणारी दहाबारा घड्याळं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली मान घालून बसत. अशा कामात डोळे चुरचुरणारच. गेल्या वर्षी ते लाल झाले तेव्हा घड्याळजी रस्ता ओलांडून आले होते. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि बजावलं होतं, "आठच दिवस घालायचे. मग मला दाखवायचं."

तिसऱ्या दिवशीच लाली गेली. आठव्या दिवशी घड्याळजी काउंटरपर्यंत आले, पाटी वाचली, आणि मनाशी हिशेब केला. डोळे तर छान आहेत. डॉक्टर बघणार आणि म्हणणार, छान आहेत. जे आपल्याला आरशात फुकट दिसतं ते ऐकायला पैसे कशाला घालवा? ते तसेच मागे फिरले.

महिन्याभरानं डोळे पुन्हा लाल झाले. थेंबांचं नाव पाठ होतं, औषधवाला ओळखीचा होता. बाटली आली, लाली गेली. मग ते चालूच राहिलं. लाली आली की थेंब, थेंब घातले की आराम. घड्याळजी तर डॉक्टरांचे गुण गायचे. "एकदाच गेलो, जन्माचं औषध दिलं," असं गिऱ्हाइकांना सांगायचे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, एकदोनदा टोकलं, "अहो, एकदा दाखवून या." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "दाखवायला काही दुखायला तर पाहिजे!"

एका दुपारी डॉक्टर आपल्या घड्याळाचा सेल बदलायला त्या दुकानात गेले. घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं, बारीक स्क्रू काढून पांढऱ्या कागदावर ठेवला, डाव्या हाताला. सेल बसवला आणि स्क्रू शोधू लागले. कागदावर बोटं फिरवली, टेबलाखाली वाकून पाहिलं, खिसाही चाचपला. स्क्रू पांढऱ्या कागदावर जिथल्या तिथे होता. शेवटी त्यांनी अख्खी मान डावीकडे वळवली तेव्हा तो त्यांना दिसला.

"हा बघा, इथेच बसलाय चोर," घड्याळजी हसले. "वय झालं, दुसरं काय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आपला हात घड्याळजींच्या डाव्या कानाच्या बाजूनं हळूच पुढे आणला. हात जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत घड्याळजींना त्याचा पत्ता नव्हता.

"काका, डोळ्यात काही घालता का?"

"घालतो की! तुमचेच थेंब." घड्याळजींनी कौतुकानं खणातून बाटली काढून दाखवली. "वर्ष झालं. तुमच्या हाताला गुण आहे हो डॉक्टर."

डॉक्टरांनी दुकान तसंच उघडं ठेवायला लावलं, शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि घड्याळजींना हाताला धरून रस्त्यापलीकडे आणलं. डोळ्यांतला दाब मोजला. पुन्हा मोजला. आतली नस पाहिली आणि बराच वेळ भिंगावरून डोकं उचललं नाही.

काकूंना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हे थेंब लाली झटकन घालवतात, पण फार दिवस घातले तर काहींच्या डोळ्यांत आतून दाब वाढतो. त्या दाबानं मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. बाजूचं दिसणं आधी जातं. डाव्या डोळ्याचं बरंच गेलंय, उजव्याला सुरुवात आहे.

"परत येईल ना?" काकूंनी विचारलं.

"गेलेलं येत नाही. राहिलंय ते सांभाळता येईल. आजपासून हे थेंब बंद, दुसरे सुरू. पुढच्या आठवड्यात नजरेचा घेर तपासू. आणि आता कायम दाखवत राहावं लागेल."

घड्याळजी खाली बघत म्हणाले, "तुम्ही आठ दिवस म्हणाला होतात. चूक माझीच."

काकू मात्र गप्प बसल्या नाहीत. "चूक यांचीच आहे, मी कुठे नाही म्हणते? पण डॉक्टर, हे आठव्या दिवशी आले होते. तुमच्या पाटीपर्यंत आले होते. तिथून माघारी गेले." आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला.

संध्याकाळी दवाखाना आटोपून डॉक्टर थेट बाईंच्या घरी गेले. सगळं सांगून झालं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज चढला.

"मी बजावून सांगितलं होतं, बाई. औषधवाल्यानं चिठ्ठीशिवाय बाटली दिली, त्याला कोणी बोलत नाही. निम्मी फी काय डोळ्यापेक्षा जड होती? आणि फुकट ठेवलं की काय होतं, ते तुम्ही स्वतः भोगलंय!"

"भोगलंय," बाई म्हणाल्या. "फुकटाला किंमत नसते, हेही खरं. तुझी पाटी मला पटली नव्हती, पण तिचं कारण पटलं होतं. आता मला सांग, घड्याळ दुरुस्त करून घरी नेलंस आणि दोन दिवसांनी ते मागे पडायला लागलं, तर घड्याळजी पुन्हा पैसे घेतात?"

"नाही घेत. पण डोळा म्हणजे घड्याळ नाही, बाई. माझं औषध बरोबर असूनही डोळा उलटतो. त्यात माझी चूक नसते."

"नसते ना? मग पहिल्या दिवशी औषध देताना तुला काय ठाऊक असतं?"

"अंदाज असतो. चांगला अंदाज असतो."

"आणि खात्री कधी होते?"

"तो परत आल्यावर."

"म्हणजे अंदाजाचे पैसे तू आधीच घेतलेस, आणि खात्रीचे वेगळे मागतोस. अरे, परत बघणं हा उपचारच आहे. तो अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला तू बरा झालेला समजत होतास. आपणच माणसाला घरी बोलवायचं आणि आल्यावर चहाचे पैसे मागायचे, असं कोणी करतं का? तू ज्याला 'आठ दिवसांनी या' म्हणतोस, तो तुझ्या बोलावण्यानं येतो. त्याच्याकडून घेऊ नकोस. जो आपणहून नवी तक्रार घेऊन येतो किंवा शेजारणीचा चष्मा घेऊन येतो, त्याच्याकडून खुशाल पुरी फी घे."

"मग यंत्रांच्या कर्जाचे हप्ते कसे भागवू? मावशींचा पगार?"

"पहिलीच फी थोडी वाढव. उघडपणे वाढव आणि सांग, यात बोलावलेलं दाखवणं धरलंय. लोक कुरकुर करतील, करू दे. कुरकुर करत का होईना, येतील तर खरे! दारात हात पसरलास तर दारातूनच जातात."

डॉक्टरांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. "बाई, ते माझं कौतुक करत होते हो. बाटली दाखवून."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी स्वतः स्टुलावर चढून पाटी काढली. मग मावशींना म्हणाले, "बोलावूनही जे आले नाहीत, त्यांना फोन लावा." मावशींनी कपाळाला हात लावला, पण फोन लावले. बरेच जण खरंच बरे होते आणि विचारल्याचं त्यांना अप्रूप वाटलं. काहींनी "पैसे पडणार नाहीत ना?" हे तीनतीनदा विचारून घेतलं. एकानं मावशींना लोन विकणारी बाई समजून झापलं. एका आजीबाईंनी मात्र सांगितलं, की औषधानं आग फार व्हायची म्हणून त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी बंद केलं, पण पैसे देऊन रागावून कोण घेणार, म्हणून त्या आल्या नाहीत. त्यांना त्याच दिवशी बोलावून घेतलं. वाढवलेल्या पहिल्या फीवरून आठवडाभर काउंटरवर कुरबुर झाली आणि मग थांबली.

ठरल्याप्रमाणे घड्याळजी नजरेचा घेर तपासायला आले. सोबत काकू होत्या. अंधाऱ्या खोलीत एका वाडग्यासारख्या यंत्रासमोर डॉक्टरांनी त्यांना बसवलं, उजव्या डोळ्यावर पट्टी लावली, हातात बटण दिलं आणि समजावलं, "समोर बघत राहायचं. बाजूला कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं."

यंत्र सुरू झालं. समोरच्या दिव्यांना घड्याळजींनी चटाचट बटण दाबलं. मग दिवे डावीकडे गेले. एक लागला, विझला. वर लागला, विझला. खाली लागला. काकूंना ते सगळे लख्ख दिसत होते. घड्याळजी बटणावर अंगठा ठेवून, शहाण्या मुलासारखे ताठ बसून वाट बघत होते.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "डॉक्टर, बंद पडलं का मशीन?"

काकूंनी डॉक्टरांकडे पाहिलं. दिवे लागत होते आणि विझत होते.

वाचकहो, माणूस गप्प आहे म्हणजे तो बरा आहे, असं कोणी समजू नये. डॉक्टरांनी समजू नये आणि आपण स्वतःबद्दलही समजू नये. डॉक्टरांनी आपल्या कामाचे पैसे जरूर घ्यावेत, पण ज्याला आपण परत बोलावलंय त्याच्या वाटेत पैशाचा उंबरठा ठेवू नये. आणि 'आठ दिवसांनी या' असं आपल्याला सांगितलं, तर नवव्या दिवसाची वाट न बघता जावं, दुखत नसलं तरी जावं. घड्याळजी आता न चुकता जातात. उजवा डोळा अजून शाबूत आहे. डावा मात्र, आठव्या दिवशी 'हे थेंब पुन्हा घालू नका' एवढं ऐकलं असतं तरी, वाचला असता.