चहाचा खोका आणि दोन बाजू

मित्रांनो, आत्ताच कोणीतरी माझ्यावर चटयांची चळत ठेवून गेले आहे. काल एक पाहुणा कॅमेरा घेऊन आला होता. त्याने माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले, "तुमचं बेट अजून किती वर्षं टिकणार?" मला तोंड असते तर आधी बुटाचे बोललो असतो.

मी एक जुना चहाचा खोका आहे. पातळ फळ्यांचा, कडांना पत्र्याची पट्टी मारलेला. तुवालू नावाच्या आमच्या चिमुकल्या देशातल्या एका बेटावर, सभाघरात मी असतो. मला इथे आणले गावातल्या तेलावीने. नारळ वाळवून खोबरे विकायचे, त्यावर घर चालेना, म्हणून इतरांसारखा तोही दूरच्या नाउरू बेटावर फॉस्फेट खणायला गेला होता. परतताना माझ्यात कापड, पत्र्याच्या थाळ्या आणि एक किटली भरून आणली. सामान काढून झाल्यावर त्याने मला पालथे घातले आणि सहज तळहाताने थाप मारली. अर्धे जग मी चहा वाहत फिरलो होतो, पण मला आवाज आहे हे तोवर मला कोणी सांगितले नव्हते.

तेलावीने मला सभाघराला देऊन टाकले. तेव्हापासून फातेले, म्हणजे आमचे नाचगाणे, माझ्यावर चालते. पुरुष माझ्याभोवती मांडी घालून बसतात आणि थाप धरतात, मागे बायका गातात, पुढे नाच. तेच कडवे पुन्हा पुन्हा, दर वेळी चढ्या लयीत. तुमच्या कीर्तनात नामाचा गजर चढत जातो आणि शेवटी बुवाही उरत नाहीत, टाळकरीही उरत नाहीत, तसेच ते असते. देव कुठल्या भाषेत जास्त लक्ष देतो ते मला ठाऊक नाही, पण त्या क्षणी तो आमच्या सभाघरात असतो, हे मी पाठीवर सोसून सांगतो.

इथे काही घडले की त्याचे गाणे होते. पोरे परदेशी बोटींवर खलाशी म्हणून गेली, गाणे झाले. परक्या बोटी आमच्या समुद्रात मासे धरण्याचे पैसे भरू लागल्या, गाणे झाले. देशाच्या नावातली 'टीव्ही' ही दोन इंग्रजी अक्षरे जगाने इंटरनेटवरच्या पत्त्यांसाठी भाड्याने घेतली, त्याचेही झाले. पुलाका कंद लावायच्या खड्ड्यांत खारे पाणी शिरले, त्याचे फार रडके झाले. सगळ्या देशाचा हिशेब माझ्या पाठीवर बडवला गेला आहे.

आता माझे दुखणे ऐका. आमच्या गावाच्या दोन बाजू आहेत, वरची आणि खालची. नाच, मासेमारी, पाद्रीबुवांना जेवण, सगळ्यात चढाओढ. मी मात्र दोघांचा. म्हणून नियम झाला: काही महिने मी वरच्यांच्या ताब्यात, काही महिने खालच्यांच्या. ताबा बदलायच्या दिवशी मला मधल्या खांबापाशी जमिनीवर ठेवायचे आणि प्रार्थनेनंतर दुसऱ्या बाजूने उचलायचे. मधल्या वेळात मला शिवणे म्हणजे दुसऱ्या बाजूचा अपमान.

अशाच एका ताबाबदलाच्या सकाळी, मला खांबापाशी ठेवल्यावर, नेमकी मोठी भरती आली. आमच्याकडे पाणी किनाऱ्यावरूनच येते असे नाही, ते जमिनीतून वर येते. बघता बघता सभाघरात घोटाभर पाणी. दोन्ही बाजूंचे लोक धावले. चटया उचलल्या, पंखे उचलले, चहाची किटलीसुद्धा उचलली. मी तरंगू लागलो.

"खोका भिजतोय," वरच्या बाजूचे पुलाफागू म्हणाले.

"दिसतंय आम्हाला. आमचा ताबा संपला," खालचे फाकासोआ म्हणाले.

"आमचा प्रार्थनेनंतर सुरू होतो."

"मग करा की प्रार्थना."

"पाण्यात उभं राहून?"

मित्रांनो, दोघेही सज्जन. दोघेही मला जीव लावणारे. आणि मी त्यांच्या पायांमधून वाहत गेलो.

ओहोटीनंतर मी एका कोपऱ्यात सापडलो. तळाच्या फळीचे पापुद्रे सुटलेले, पट्टी उचकटलेली. थाप मारली तर भिजलेल्या पावावर मारल्यासारखा आवाज.

तेव्हा मेलेता आली. तेलावीची मुलगी, आता म्हातारी. तिची लेक नातवंडांना घेऊन कायमची परदेशी निघाली होती. दोन दिवसांनी बोट होती. नातवंडांसाठी मेलेताने गाणे रचले होते. त्यात त्यांच्या पणजोबांची नावे, त्यांच्या जमिनीच्या हद्दी, खडकांमधून होडी आत आणायची वाट. ते एकदा सभाघरात लय चढवून गायले की मुलांच्या अंगात बसेल, मग विसरतो म्हटले तरी विसरता येणार नाही. नुसते सांगितलेले कोण लक्षात ठेवतो?

"फोनवर लावू की ठेका," पुलाफागू म्हणाले. "मोठा स्पीकर आहे माझ्याकडे."

"फोनभोवती मांडी घालून बसशील? त्याला घाम फुटतो का?" मेलेता म्हणाली. "हा दुरुस्त कोण करतंय ते सांग."

"बिघडला त्यांच्या ताब्यात."

"आमच्या नाही," फाकासोआ म्हणाले. "मधल्या वेळात."

मेलेता माझ्याजवळ बसली. पदराने पुसावे तसे तिने कमरेच्या लुंगीच्या टोकाने मला पुसले. मग शांतपणे म्हणाली, "म्हणजे कोणाचाच नाही. मग माझ्या बापाचा. घरी नेते."

आणि तिने मला उचलले. आमच्याकडे सभाघराला दिलेली वस्तू कोणी परत नेत नाही. परत नेली तर देणाऱ्याची नाही, घेणाऱ्यांची अब्रू जाते, आणि बोट सुटायच्या आत ते देशभर होते. त्याचेही गाणे झाले असते.

"मेलेता, खाली ठेव," फाकासोआ म्हणाले.

"धरा मग एका बाजूने."

त्यांनी धरले. दुसऱ्या बाजूने पुलाफागूंनी धरले. मला खोबरे वाळवायच्या भट्टीवर नेले आणि मंद धगीवर ठेवले. माझी कूस कोणी कधी बदलायची यावरूनही दोघांची कुरकुर चालूच होती. मग होडी बांधतात तसे काथ्याने मला आवळले. एका टोकाला वरचे ओढत होते, दुसऱ्या टोकाला खालचे, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओढाओढीचा मला फायदा झाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी फातेले झाले. इतकी माणसे गाव सोडून गेली आहेत की एका बाजूचे लोक पुरेनात. म्हणून वरचा, खालचा, पुन्हा वरचा, असे मिसळून माझ्याभोवती बसले. पहिल्या थापेला मीच दचकलो. माझा आवाज घोगरा झाला होता.

सगळ्यांनी मेलेताकडे पाहिले.

"बसलाय आवाज," ती म्हणाली. "बापाचाही शेवटी असाच बसला होता. गा."

लय चढली. तिसऱ्या फेरीला धाकटी नात खडकांमधल्या वाटेची ओळ आजीच्या आधीच म्हणू लागली. मेलेताने मग तोंड मिटले आणि तिला एकटीला गाऊ दिले.

बोट गेली. ताब्यावरून वाद पुन्हा सुरू झाला आहे, कारण बांधलेला काथ्या कोणाचा हे ठरायचे आहे. मित्रांनो, देवाच्या नावाने एकच मागतो. पाणी आले की आधी उचला, ताबा कोणाचा ते वर ठेवल्यावर ठरवा. आणि हे मी फक्त आमच्या दोन बाजूंना सांगतो आहे असे समजू नका. दूर कुठे मोठ्या देशांची मोठी सभाघरे आहेत म्हणतात. तिथे सगळे अजून कोरड्या पायांनी उभे आहेत आणि तेही प्रार्थना संपायची वाट पाहत आहेत.