मुंग्यांच्या घरी माझा हिवाळा

मित्रांनो, मी एक फूलमाशी आहे. माझे दिवस आता भरत आले आहेत, म्हणून खरे ते सांगून टाकते.

माझा जन्म जयपूरच्या बनी पार्कात, एका बँक अधिकाऱ्याच्या भाड्याच्या घरामागे झाला. तेव्हा मला पंख नव्हते. गोल पाठीची, अर्ध्या वाटाण्याएवढी अळी होते मी. जन्मल्या जन्मल्या कुंडीखालच्या काळ्या मुंग्यांच्या बिळात शिरले. माझ्या अंगाला त्यांच्यासारखाच वास येई, त्यामुळे त्या मला घरचीच समजत. जिथे त्यांची बाळे निजत, तिथेच मला जागा मिळाली. मी रोज एक बाळ खात असे. कुणी हूं की चूं केले नाही.

त्या घरातल्या रत्नप्रभाताई साताऱ्याच्या. शेजारच्या द्वारकाजींनी त्यांना इथली रीत शिकवली होती. सकाळी मुंग्यांना पीठ-साखर घालायची, पुण्य लागते. मुंग्या कमी दिसू लागल्या तशा ताई पीठ वाढवत गेल्या. मला हसू येई.

एकदा कुंडी सरकवताना बीळ उघडे पडले. ताईंच्या मुलीने, मैत्रेयीने, मला काडीने उचलले. मी काडीला घट्ट चिकटले.

"आई, ही चींटी नाहीये. मतलब, काहीतरी वेगळंच आहे. फेकू?"

ताई वाकल्या. "अगं, गोगलगायीचं पिल्लू दिसतंय. मुंग्या याला चावत नाहीत, म्हणजे त्यांनीच सांभाळलंय. ठेव परत. मुक्या जिवाला बेघर करू नये."

मैत्रेयीने मला अलगद ठेवले, अगदी बाळांच्या मधोमध. त्या हिवाळ्यात मी उरलेली सगळी संपवली.

मग एका सकाळी मला पंख फुटले आणि अंगाचा वास गेला. एका म्हाताऱ्या मुंगीने माझा पाय धरला, पण तिच्यात जोर नव्हता. आणखी चार-पाचच उरल्या होत्या. मला वाईट वाटले, खरेच वाटले. तरी मी उडाले.

मित्रांनो, दया जरूर करा. पण घरात ठेवण्याआधी एकदा उलटे करून बघा. माझे तोंड खालच्या बाजूला होते.

फाटकाजवळ मुंग्यांचे दुसरे बीळ आहे, भरलेले. काल त्याच्या तोंडाशी मी नऊ अंडी घातली. आज सकाळी मैत्रेयीला ती दिसली.

"आई, ये ना! मुंग्यांनी अंडी दिली!"

ऊन लागू नये म्हणून दोघींनी त्यांच्यावर पान झाकले.