पडद्यावरचा डाग

त्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खारी, नवघर, मुर्धा, कुठून कुठून पालक आले होते. बायका लेकरांना कडेवर घेऊन खिडक्यांशी उभ्या होत्या. स्टेजवर नमुन्याचे तीन कॉम्प्युटर मांडलेले, तिन्हींना झेंडूचे हार. आणि त्यांच्यासमोर भगवी शाल पांघरून अक्षरनाथ महाराज बसलेले.

"बिट म्हणजे बीज!" महाराज माइकमध्ये गरजले. "बाईट म्हणजे भाव! मेमरी म्हणजे काय? पूर्वजन्माची स्मृती! आणि विंडोज म्हणजे यंत्राचा तिसरा डोळा! कंपनी कुठलीही असो बाळांनो, यंत्रात प्राण आहे की प्रेत आहे, ते कागदावर कळत नाही. ते हाताला कळतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आठ बिटांचा एक बाईट होतो, एवढं तरी याला कुणी सांगा," भिंतीशी उभ्या असलेल्या शुभदाबाई पुटपुटल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवत. शेजारी उभी असलेली उर्मिला तोंडावर हात धरून हसली.

उर्मिला मुर्ध्याची सून. तिचा नवरा रोशन गेल्या वर्षी होडी उलटून समुद्रात गेला. पदरात लहान मुलगी. सासू केसरबाईनं मासळी विकून तिला बोरिवलीला कॉम्प्युटरचा कोर्स करू दिला होता, आणि १९९४ च्या जूनमध्ये शाळेनं तिला कॉम्प्युटर शिकवायला घेतलं. फक्त शाळेत अजून कॉम्प्युटर नव्हता.

तो निवडायचं काम दोघींवर आलं होतं. बंगळुरूच्या एका कंपनीचं ४८६ जातीचं नवं मशीन होतं, विंडोज आणि गॅरंटीसकट. पण तिचा इंजिनीअर दहिसर नाक्याच्या पुढे यायला कुरकुर करायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून केलेलं मशीन स्वस्त होतं, पण बिघडलं तर कुणाचं दार ठोठावायचं? तिसरं स्टेशनजवळच्या बंटीशेठच्या दुकानातलं, 'बंटी सुपर'. डबा नवाकोरा. "मॅडम, आधी रात को फोन करो, आपला माणूस हाजिर," बंटीशेठ सांगायचा. पण आतले भाग दाखवा म्हटलं की त्याला हमखास स्क्रू ड्रायव्हर सापडत नसे. मुलांना पुढे विंडोजच लागणार, असा विचार करून दोघींनी पहिल्याला पसंती दिली होती.

"तुमचं बरोबर असंल बाई," संस्थेचे अध्यक्ष दशरथशेठ म्हणाले होते, "पन यवढी मोठी खरेदी हाय. एकदा महाराजांचा हात फिरू दे की." महाराजांना त्यांच्याकडे कुणी आणलं, तर बंटीशेठनं.

स्टेजवर उर्मिलानं पहिली दोन मशीनं सुरू करून दिली. तिसरं बंटीनं स्वतः लावलं. तिन्ही पडद्यांवर निळं आकाश आलं. महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि शालीत झाकलेला डावा हात पहिल्या मॉनिटरजवळ नेला.

चित्र पिळवटलं. निळा रंग ओघळून जांभळा झाला, हिरवा झाला, आणि मधोमध रक्तासारखा लाल धब्बा उमटला. बायका किंचाळल्या. दुसऱ्या मशीनचंही तेच. मग महाराज तिसऱ्याकडे वळले, आशीर्वादाचा उजवा हात फिरवला. आकाश निळंच राहिलं.

"ही दोन यंत्रं कुणी चालवली?" महाराजांनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा उर्मिलाकडे गेल्या.

"कपाळ मोकळं आहे बाईचं. दर्यानं धनी नेला ना हिचा? हिची सावली यंत्राला बाधली. यंत्राला बाधली, तर लेकरांना नाही बाधणार?"

"मॉनिटर बिघडलाय! बाधा कसली आलीय?" शुभदाबाई ओरडल्या.

"मंग तिसरा कसा न्हाय बिघडला?" दशरथशेठनं विचारलं. महाराजांनी हात मागे घेऊन कितीतरी वेळ झाला, तरी दोन्ही पडद्यांवरचे लाल डाग तसेच होते. ते डाग पाहतच लोक घरी गेले.

ऑफिसात चहा झाला. महाराज उठले तेव्हा शालीला टेबलावरची एक टाचणी लोंबत होती. धाग्यात अडकली असेल, असं शुभदाबाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी पालकांनी शाळेच्या फाटकात गर्दी केली. उर्मिलाला घरी बसायला सांगण्यात आलं. गावात नळावर ती आली की बायका हंडे उचलून बाजूला होत. तिच्या मुलीला ताप आला, साधा पावसाळी ताप, तर केसरबाईनं मूल तिच्या मांडीवरून उचललं.

"पोरीला शिवू नको. माजा पोरगा खाल्लास, आता नात न्हाय द्यायची."

शुभदाबाई दोनदा मुर्ध्याला जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला उर्मिला ओट्यावर एकटीच बसली होती. म्हणाली, "बाई, मलाच आता वाटायला लागलंय. डाग तर मी माझ्या डोळ्यांनी बघितला ना."

दिवाळीच्या तोंडावर तिचं प्रेत खाडीत सापडलं.

परत पाठवायची राहिलेली ती दोन मशीनं स्टोअररूममध्ये पडून होती. त्यांना हात लावायला शिपाईही तयार नव्हता. कंपनीकडे तक्रार करायची म्हणून शुभदाबाईंनी पहिलं सुरू केलं. डाग होता. दुसऱ्या दिवशी केलं, तर डाग फिका. रोज सुरू करावं आणि डाग रोज थोडा विरावा. कुणी मंत्र म्हटला नव्हता, लिंबू उतरवलं नव्हतं. आठवड्याभरात पडदा स्वच्छ झाला.

त्याच सुमारास सातवीच्या वर्गात त्या चुंबकाचा धडा घेत होत्या. चुंबक टाचण्यांच्या डबीजवळ नेला आणि टाचण्या लोंबकळल्या. शुभदाबाई बोलता बोलता थांबल्या. मुलांना वाचत बसायला सांगून त्या चुंबक घेऊन तशाच स्टोअररूमकडे गेल्या. पडद्याजवळ नेताच रंग ओघळले. चुंबक काढून घेतला, डाग राहिला. त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांना रडू आवरेना.

कॉम्प्युटर वर्गाच्या उद्घाटनाला हॉल पुन्हा भरला. 'बंटी सुपर' ओळीनं मांडलेले. महाराज नारळ फोडायला उठले, तोच शुभदाबाई स्टेजवर चढल्या आणि पदराखालचा हात पहिल्या मॉनिटरजवळ नेला. पडद्यावर लाल धब्बा उमटला.

हॉलमध्ये कालवा झाला.

"माझा नवरा घरी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मग ही सावली कुणाची?" आणि त्यांनी मूठ उघडून चुंबक सगळ्यांना दाखवला. "या काचेवर मागून बारीक किरणांचा झोत पडतो, त्यातून चित्र उमटतं. चुंबक जवळ आला की झोत वाकतो, रंग चुकतात. काचेमागच्या पत्र्यात थोडं चुंबकत्व उरतं, म्हणून डाग राहतो. मॉनिटर सुरू होताना तो स्वतःच ते थोडं थोडं पुसतो. महाराज, आता शाल काढा आणि डावा हात फिरवा."

"अश्रद्ध बाई! देव कोपेल!"

"कोपू दे. शाल काढा."

महाराज स्टेजच्या पायऱ्यांकडे वळले. शुभदाबाईंनी टाचण्यांचा ट्रे त्यांच्या डाव्या हाताखाली धरला आणि टाचण्या उडून शालीला चिकटल्या. मग पालकांनीच शाल ओढली. फुटक्या लाउडस्पीकरचा जाडजूड गोल चुंबक मनगटाला पट्टीनं बांधलेला होता.

बंटीशेठ दाराकडे सरकत होता, त्याला लोकांनी अडवलं. त्याची मशीनं उघडली. नव्या डब्यात कुठल्यातरी ऑफिसनं भंगारात काढलेले भाग होते. प्रत्येकावर १९८८ साल छापलेलं.

पोलीस आले. फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. उर्मिलासाठी मात्र त्यांना कुठलं कलम सापडेना.

मागच्या बाकावरून केसरबाई उठली. कडेवर नात होती.

"म्हंजे माज्या सुनंला काय बी न्हवतं?"

"काही नव्हतं, आजी."

"मंग ती कशानं गेली?"

दशरथशेठनं मान खाली घातली. शुभदाबाई पुढे आल्या.

"कुणी विचारलं नाही म्हणून गेली. महाराज म्हणाले सावली, सगळा हॉल म्हणाला सावली. 'दोन्ही हात दाखवा' एवढं एक वाक्य कुणी म्हटलं असतं, तर आज ती इथे शिकवत असती. हे विचारायला विज्ञान शिकलेलं असावं लागत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर म्हणा, पुन्हा करा, आमच्यासमोर, आमच्या वस्तूंनी. देवाला राग यायचा असेल तर येऊ दे. पण एखाद्या माणसावर बोट दाखवलं जात असेल, तर त्याच क्षणी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो."

केसरबाईनं नातीला खांद्याशी घट्ट धरलं. ती बाकांमधून हळूहळू दाराकडे चालत गेली. लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते, आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहणाऱ्या पोरीच्या नजरेला नजर द्यायची हिंमत कुणालाच होत नव्हती.