पर्लला धरून आणणं

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं जाणती माणसं सांगून गेली. विश्वजीत पाईकरावनं बुधवारी हातचं सोडलं आणि शुक्रवारी दुपारी त्याच्याच पाठी लागला. हातचं म्हणजे एक ससा. मातीच्या रंगाचा, पिंजऱ्यात वाढलेला, आणि लेकीनं लाडानं ‘पर्ल’ नाव ठेवलेला.

झालं असं, की आखातात, गुदैबियातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पर्लनं इंटरनेटची वायर कुरतडली. शेजारच्यांचं नेट गेलं, बोंबाबोंब झाली आणि बिल्डिंगचा वॉचमन मालकाचा निरोप घेऊन दारात आला, “जानवर मफी! खलास!” म्हणजे जनावर चालणार नाही, विषय संपला. विश्वजीतची बायको रश्मी म्हणाली, थांबा जरा, मी ऑफिसात कुणाला तरी विचारते. पण थांबेल तो विश्वजीत कसला! बुधवारी त्यानं पर्लला खोक्यात घालून कामावर नेलं आणि शिफ्ट संपल्यावर कारखान्याजवळ, अस्कर गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर सोडून दिलं. ससा रानातला, रानात राहील, असा हिंगोलीकडच्या माणसाचा सरळ हिशोब. त्याच्या गावी बांधाबांधाला ससे होते, त्यांना कोण वाटीत खायला घालत होतं? हा ससा मात्र जन्मभर वाटीतच जेवला होता, हे काही त्याच्या टाळक्यात शिरलं नाही.

वर घरी येऊन थाप मारली. दहा वर्षांच्या शिवांगीला सांगितलं, पर्ल आता ताहिर अंकलच्या फार्मवर मजेत आहे.

थापेला पाय नसतात म्हणतात, पण मोबाइल असतो. शुक्रवारी सकाळी शिवांगीनं बापाच्या फोनवरून ताहिरलाच व्हिडिओ कॉल लावला. ताहिर विश्वजीतच्या शिफ्टमधला, सियालकोटचा, साधा माणूस. तो म्हणाला, “कौन सा खरगोश, बेटा? मैं तो फ्लॅट में रहता हूँ.” पोरगी रडली नाही, ओरडली नाही. तिनं नाश्त्याची प्लेट पुढं सरकवली आणि एवढंच म्हणाली, “यू लाइड टू मी.” त्यापेक्षा तिनं आदळआपट केली असती तर विश्वजीतला बरं वाटलं असतं.

त्यात रश्मीनं मीठ चोळलं. तिच्या ऑफिसातली चारुलता, सार भागात बाग असलेल्या घरात राहणारी, ससा ठेवून घ्यायला कालच हो म्हणाली होती. “एक दिवस थांबला असता तर काय बिघडत होतं तुमचं?” रश्मी म्हणाली.

“आणतो ना!” विश्वजीत तडकला. “अंधार पडायच्या आत पर्ल तुझ्या हातात असेल. माझा शब्द आहे, शिवू.”

“प्रॉमिस?” शिवांगीनं विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदा त्याच्याकडं बघत होती.

“प्रॉमिस.”

आता सशापेक्षा हा शब्दच मोठा होऊन बसला. हाही मोडला, तर पोरगी पुन्हा आपल्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही, हे त्याला कळत होतं. आणि त्या माळावर भटकी कुत्री फिरतात, हेही त्याला माहीत होतं. ते त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही.

तरी शिवांगीला शेजारी बसवून गाडी चालवताना त्याची छाती जरा फुगलीच होती. ससा धरणं म्हणजे त्याच्या घरचा खेळ. त्याचे वडील गोपीनाथ म्हणजे पायी ससा धरणारा माणूस, सगळ्या शिवारात नाव. कुत्रं त्यांनी कधी जवळ केलं नाही. कुत्रं ससा फाडतं, म्हणायचे. त्यांची रीत निराळी होती. ससा दबून बसलेला दिसला की त्याच्याकडं बघायचंच नाही. आपण आपल्या वाटेनं चाललोय असं दाखवायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याच्याभोवती गोल फिरायचं. घेर हळूहळू आवळत आणायचा. पाय थांबला की ससा उठतो, म्हणून थांबायचं नाही. पुरेसं जवळ आलं की अंगावर घोंगडी टाकायची. विश्वजीतनं घोंगडीऐवजी बेडशीट घेतली होती.

माळावर थंडीच्या दिवसांतलं बोचरं वारं सुटलं होतं. एका अंगाला कारखान्याच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला टाकून दिलेल्या टायरांचा ढीग, मधे खुरटी झुडपं. पहिला ससा दिसला तो विश्वजीतनं अगदी रीतसर घेरला. फिरला, आवळत आणला, चादर टाकली. खाली सिमेंटची रिकामी गोणी निघाली.

“पप्पा, दॅट्स अ बॅग,” शिवांगी लांबून म्हणाली.

“दिसतंय मला!”

दुसऱ्यांदा प्लास्टिकची पिशवी निघाली. तिसऱ्यांदा मात्र पर्लच होती, झुडपाखाली, कान पाठीला चिकटवून. विश्वजीतचा जीव भांड्यात पडला. तो फिरू लागला. पण पायात कामावरचे सेफ्टी शूज, खाली खडी. करकर, करकर. दोन फेऱ्यांतच पर्ल उठली आणि टायरांकडं पळाली. हा पाठोपाठ धावला, अडखळला, हाताची सालटं निघाली. तोवर रश्मीचा फोन. “सापडली का?” “सापडली असती तर सांगितलं नसतं का!” म्हणून त्यानं फोन कापला.

सशाची ससेहोलपट होते म्हणतात. इथं बापाचीच झाली. बूट काढून मोज्यांवर फिरला, तर काटे. चादर टाकली, तर वाऱ्यानं ती त्याच्याच तोंडावर. गावी पाच-सहा जण असायचे, इथं तो एकटा घेर धरणार तरी कसा! त्याला वाऱ्याचा राग आला, घरमालकाचा आला, त्या वायरीचा आला. खरा राग स्वतःचाच होता. पण तो काढायचा कुणावर? म्हणून तो शिवांगीवर खेकसला, “नुसती उभी काय राहिलीस? ये इकडं!”

ऊन कलायला लागलं तसं टायरांमागून एक कुत्रं बाहेर आलं. मग दुसरं. ती नुसतीच बसली, बघत. शिवांगीनं ती पाहिली आणि बापाकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

“पप्पा, व्हॉट डू आय डू?”

मग विश्वजीतचा आवाज खाली आला. त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं. तू त्या बाजूनं फिर, मी या बाजूनं. पर्लकडं बघू नको. थांबू नको. माझ्याशी काहीही बोलत राहा, माझ्याकडं बघून.

“काय बोलू?”

“शाळेतलं सांग.”

आणि लेक चालता चालता बोलू लागली. अजरा नावाची तिची मैत्रीण, सायन्सचं प्रोजेक्ट, डब्यात रोज तेच तेच देणारी आई. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. मधे दबलेली पर्ल, भोवती फिरणारी ही दोघं. विश्वजीतनं तिच्या आईची नक्कल केली तशी ती खुदकन हसली. घेर आवळत आला. असं किती महिन्यांत बोललो नव्हतो आपण, असं त्याच्या मनात आलं. दिवसभरात त्याला पहिल्यांदा बरं वाटलं.

पर्ल हातभरावर आली. वारं नेमकं पडलं. विश्वजीतनं चादर टाकली आणि वरून अंग झोकून दिलं.

“धरला!” तो ओरडला. “धरला, शिवू!”

चादरीखालून त्यानं पर्लला बाहेर ओढलं. मागचे दोन्ही पाय डाव्या मुठीत, डोकं खाली. गावी ससा असाच धरायचे. आणि धरल्यावर खोळंबा करायचा नाही, जनावराचे हाल होतात. उजव्या हाताचा एकच फटका कानांमागं, मानेवर, की जीव गेला. इतक्या वेळा बघितलेलं, दोन-चारदा केलेलं. त्याला विचार करावाच लागला नाही. उजवा हात आपोआप वर गेला, तळवा ताठ झाला. सगळ्या दिवसाचा राग त्या हातात होता.

त्याच क्षणी त्याला पर्लचा डोळा दिसला आणि तो थांबला. काही झालं नाही. आपण वेळेत थांबलो, म्हणून तो हसायलाही लागला.

“बघ! दिला ना शब्द? आणली की नाही तुझी पर्ल?”

शिवांगी जागची हलली नाही. ती पर्लकडं बघत नव्हती. त्याच्या खांद्याच्या वर कुठंतरी बघत होती.

“अगं घे ना तिला.”

ती एक पाऊल मागं सरली.

“पप्पा,” ती हळूच म्हणाली, “आधी तो हात खाली घ्या.”