उंदरांची सवय

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मी कुणाचीच राहत नाही. खोलीत अंधार असतो, यंत्र गुणगुणत असतं, आणि खाली पेशी तळ्याच्या तळाशी झोपल्यासारख्या पसरलेल्या असतात. त्या दिवशीच्या पेशी माझ्या भाच्याच्या होत्या.

चिमण्याला साधा फ्लू झाला तरी थेट दवाखान्यात भरती करावं लागायचं. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची हाक मारतात. ती ऐकून शेजारच्या पेशी एक राखणदार प्रथिन तयार करतात. चिमण्याच्या पेशींना ती हाक ऐकूच येत नसावी, अशी डॉक्टरांना शंका होती. म्हणून मी त्याच्या त्वचेच्या पेशींना इंटरफेरॉन दिलं होतं, आणि राखणदार हिरवा चमकावा म्हणून रंग घातला होता.

डोळ्यांत तेल घालून पाहिलं. केंद्रकं काळीभोर. एकातही हिरवा ठिपका नाही. भोवती नुसता हिरवट धुरळा, म्हणजे माझ्याच हाताने रंग नीट धुतला गेला नव्हता. काच पुन्हा धुवायचं ठरवलं. तेवढ्यात ताईचा फोन आला आणि मी बोलून गेले, "नाही गं दिसत."

ती रडलीसुद्धा नाही. फोन ठेवून दिला.

"तोंड का उतरलंय?" आमच्या प्रमुख बाई शेजारी येऊन बसल्या. मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "इंटरफेरॉन न दिलेल्या पेशी दाखव बरं."

तिथे धुरळा नव्हताच. नुसता काळोख.

"दोन्ही सारख्याच धुतल्यास ना? मग मळ एकीकडेच कसा? अगं, जन्म गेला तुझा उंदरांच्या पेशी बघण्यात! उंदराचा हा राखणदार केंद्रकात बसतो. माणसाचा बाहेर असतो, भोवती."

मी पुन्हा डोळा लावला. प्रत्येक काळ्या केंद्रकाभोवती बारीक हिरवे कण दाटीवाटीने उभे होते, अगदी शांत. यांनाच मी पुन्हा धुऊन काढायला निघाले होते! काच धूसर झाली आणि मी वेड्यासारखी हसत सुटले.

ताईला फोन लावून सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझ्या उंदरांपायी माझा जीव गेला होता," ती म्हणाली. मग हळूच, "पण मग तो एवढा आजारी का पडतो?"

"ते अजून माहीत नाही, ताई. शोधायला लागेल. पण त्याच्या पेशींना ऐकू येतं."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.