राहिलेली नजर

माझ्या सासूबाईंची, गिरिजाबाईंची, नजर काचबिंदूनं गेली. दुखलं नाही, खुपलं नाही. कडेकडेनं दिसणं कमी होत गेलं आणि वयामुळं असेल म्हणून आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येणार नाही. आधी आला असतात तर औषधाच्या थेंबांवर टिकली असती."

कापूस वेचताना सगळ्या बायकांच्या पुढं असणारी ही बाई बाजेवर बसली. लग्नकार्याचं बोलावणंही येईना. त्यांच्याजवळ थांबायचं म्हणून मी एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीतलं काम सोडलं.

एक दिवस त्याच म्हणाल्या, "रूपाली, डोळे एकीचे गेले आन् घरात दोघी बसून राह्यलो. हे बराबर न्हाई. तू कामावर जा."

"तुम्ही पडल्या तर?"

"पडंन आन् उठंन."

खरंच पडल्या, गुडघे फुटले. पण भिंतीला हात लावत चुलीपर्यंत, नळापर्यंत जायला शिकल्या. भाकरी थापू लागल्या, तेव्हा मी कामावर परतले.

बुद्धपौर्णिमेला त्यांचे धाकटे भाऊ, भिवामामा, जेवायला आले. बसताना मामांच्या पायानं शेजारचा तांब्या लवंडला. सासूबाईंचा हातातला घास थांबला.

"भिवा, तांब्या दिसला न्हाई का तुला?"

"ध्यान नव्हतं, अक्का."

"माझं बी असंच ध्यान नसायचं."

मामा हसले. "मला समोरचं बिलकुल साफ दिसतंय. गाडी चालवत आलो ना!"

"मला बी समोरचं दिसत व्हतं." सासूबाईंनी चाचपत त्यांचं मनगट धरलं. "हे दुखणं रक्तातनं येतं, डॉक्टर म्हणले व्हते. उद्या जालन्याला चल. मी येते संगं."

"नांगरटीचं काम पडलंय, अक्का."

"मंग माझ्याकडं बघ आन् ठरव."

 दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं गेलो. काचबिंदूच निघाला. कडेचं गेलेलं परत येणार नव्हतं, पण उरलेलं थेंबांनी राखता येण्यासारखं होतं. दवाखान्याच्या बाकावर मामा लहान पोरासारखे रडले. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि डॉक्टर बाहेर येताच त्यांनी विचारलं, "आमच्या माहेरच्या भावकीतले सगळेच तपासले तर चालंल का?"

पुढच्या रविवारी त्यांनी टेम्पो ठरवला. ड्रायव्हरशेजारी बसून माहेरच्या गावात एकेका घरासमोर हाका मारायला लागल्या, "जल्दी चला! आज कुणाचंबी काम ऐकणार न्हाई मी!"

आणि माणसं चपला घालत बाहेर येत होती.