मुसळाची कावीळ

बुधवार-रविवार आला की सुकलू पुजाऱ्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. गोंडपिपरीच्या अलीकडची-पलीकडची गावं तिथं लोटत. कोणी बैलगाडीनं, कोणी फटफटीवर पेशंट मधोमध दाबून. पुजारी आपला म्हणायला, त्याच्या सात पिढ्यांत कोणाचं देऊळ नव्हतं. त्या भागात बाहेरचं, अंगातलं, पोटातलं झाडणाऱ्याला पुजारीच म्हणतात. सुकलूचा हात काविळीवर बसलेला.

पेशंटनं आधी तुंब्यातलं मंतरलेलं पाणी तळहातांना चोळायचं. मग सुकलू ते हात परातीवर धरून धुवायचा, वरून पांढुरकं ‘गंगेचं पाणी’ सोडायचा आणि त्याचं तोंड सुरू व्हायचं: “निंघ वं पिवळे, डोयातून निंघ, हाडातून निंघ, नाई निंघशीन तं तुह्या सासऱ्याले बलावतो.” काविळीचा सासरा कोण, हे कधी कोणी विचारलं नाही. परातीत बघता बघता हळदीसारखं पिवळंधम्मक पाणी साचायचं आणि अंगणभर हात जोडले जायचे. त्यातल्या बऱ्याच जणांची कावीळ पुढं उतरायचीही, कारण पुष्कळशी कावीळ विश्रांतीनं आपसूक उतरते. ज्यांची उतरत नसे, ते तक्रार करायला परत येत नसत.

त्या रविवारी गर्दीच्या कडेला रंजीता मॅडम उभ्या होत्या. गावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. नववीतल्या करिश्माची आई रुखमा पुन्हा एकदा सुकलूच्या रांगेत बसली आहे, हे कळल्यावर त्यांना राहवलं नव्हतं. रुखमाचे डोळे पिवळे झाले होते, थंडी वाजून ताप येत होता, उजव्या बरगडीखालचं दुखणं तिला सरळ बसू देत नव्हतं. गोंडपिपरीच्या दवाखान्यात न्या, असं मॅडमनी तिच्या नवऱ्याला, पत्रूला, पुन्हा सांगितलं. पत्रू भला माणूस, आवाज चढवणाऱ्यांतला नव्हे.

“मॅडम, पाणी अजून पिवळं निंघून राह्यलं. म्हंजे कावीळ निंघूनच राह्यली ना? मंधातच काऊन थांबवू?” मग जरा संकोचून म्हणाला, “तुमच्यात देवच नाई मानत. तुम्हाले कसं समजन?”

मॅडमच्या घरी बुद्धवंदना होते हे गावाला ठाऊक होतं, आणि हे वाक्य मॅडमना पाठ होतं. त्या परत आल्या.

शाळेचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं. दरवर्षी तोच थर्माकोलचा ज्वालामुखी, तेच रंगीत चार्ट, आणि चार्टसमोर पोपटासारखी बोलणारी मुलं. मॅडम या सगळ्याला विटल्या होत्या. यंदा चार्ट बंद, त्यांनी वर्गात जाहीर केलं. गाणं म्हणा, बाहुल्या नाचवा, खेळ मांडा. तुमचा प्रकल्प तुमच्या आईला कळला पाहिजे. तास संपल्यावर करिश्मा मागं रेंगाळली.

“मॅडम, दंडार चालन का?”

दंडार म्हणजे झाडीपट्टीचा जीव की प्राण: सोंगं, गाणी, हसणं, आणि सगळं गाव समोर. विषय कोणता, असं मॅडमनी विचारलं. “आम्ल, आम्लारी आणि दर्शक,” करिश्मा म्हणाली आणि खाली पाहत पुढं बोलली, “दवाखान्याचं नाव काढलं की माय उठून जाते. पण दंडार कधी सोडत नाई.”

सुकलूच्या परसातल्या आंब्याचं खोड माणूसभर उंचीपर्यंत सोललेलं आहे, हे तिनं हेरून ठेवलं होतं. दोघींनी प्रयोगशाळेत आंब्याची आतली साल कुटून पाण्यात भिजवली, ते पाणी हाताला चोळलं आणि वर ‘गंगेचं पाणी’ म्हणून चुन्याची निवळी ओतली. बशीत पिवळंधम्मक पाणी साचलं. कितीतरी दिवसांनी करिश्मा खळखळून हसली.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदान भरलं. मुख्याध्यापक गुणवंतरावांनी नारळ फोडला, गण म्हणवला, कारण त्याशिवाय दंडार उभी राहत नाही. करिश्मा पुजाऱ्याचं सोंग घेऊन आली: फेटा, माळा, कपाळभर कुंकू. रुखमा पुढंच, पत्रूला टेकून बसली होती. करिश्मानं आधी एका धडधाकट मैत्रिणीची कावीळ काढली. मग गुणवंतरावांची काढली आणि लोक हसून लोळले. मग तिनं घरचं मुसळ आडवं निजवलं, त्याची नाडी पाहिली आणि सुकलूच्याच हेलात म्हणाली, “लई जुनी कावीळ हाये बापा, धान कांडू कांडू झाली. बलावू का सासऱ्याले?” मुसळाखालीही पिवळं पाणी आलं. आता गर्दीत बसलेला सुकलूसुद्धा हसत होता.

मग तिनं फेटा काढला. साल दाखवली, चुना दाखवला. “हे माह्या हातानं नाई झालं, आंब्याच्या सालीनं झालं. ज्याले कावीळ नाई, त्याचंही पिवळंच निंघते. मंग ज्याले आहे, त्याची गेली का नाई, हे पाण्यावरून कसं समजन?”

टाळ्या पडल्या. मॅडमना वाटलं, आपण जिंकलो.

तेवढ्यात सुकलू उठला. सावकाश पुढं आला आणि करिश्माच्या पाया पडला. दंडारीतल्या सोंगाच्या पाया पडायची तिथली रीतच आहे, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. पण सुकलू पक्का होता. लोकांकडं वळून तो म्हणाला, “माह्या हातानं माणसाची कावीळ निंघते. या पोरीनं लाकडातली काढली. देवीनं आता हात बदलला.”

झालं. साल आणि चुना त्या एका वाक्यात वाहून गेले. बाया पुढं सरकल्या, रांग लागली. करिश्मा ओरडून सांगत होती की हे कोणीही करू शकतं. एकानं खरंच करून पाहिलं. त्याच्या हातूनही पाणी पिवळं झालं, तसा तो तिच्याच पाया पडला, कारण तिच्यासमोर केलं म्हणून झालं.

रुखमाही आली, पत्रूच्या आधारानं. तिनं दोन्ही तळहात लेकीपुढं पसरले.

“देव घरातच आला वं माय. आता कायले जाऊ गोंडपिपरीले?”

“नाई धुवत मी. तू दवाखान्यात चाल,” करिश्मा म्हणाली. रुखमा हात तसेच घेऊन घरी गेली.

शुद्ध हरपली तेव्हा तिला गोंडपिपरीला नेलं आणि तिथून चंद्रपूरला. पित्ताच्या नळीत खडा अडकून आत पू झाला होता. आधी आणलं असतं तर खडा काढून घरी पाठवलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. रुखमा तिथंच गेली.

गावानं निकाल लावून टाकला: पोरीला विद्या पावली होती, पण सख्ख्या मायचे हात धुतले नाहीत. पत्रू मॅडमना भेटला तेव्हाही त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “धुतले असते तं वाचली असती,” एवढंच तो म्हणाला. सुकलूचं अंगण पुन्हा भरू लागलं.

करिश्मा शाळेत येईना, म्हणून मॅडम घरी गेल्या. करिश्मानं त्यांना बसायला चटई टाकली. मग तिनं विचारलं, “मॅडम, मी खोटे खोटे हात धुतले असते, न मंग म्हटलं असतं का देवी तुले दवाखान्यात जा म्हणते, तं माय आली असती ना?”

मॅडमना वाटलं, कदाचित आली असती. आईला वाचवायला पोरीनं आधी लबाडी शिकावी, असं ज्या गावात होतं, तिथं त्यांनी काय शिकवायचं आणि कोणाला?

तरीही सांगायचं ते सांगितलंच पाहिजे, ऐकणारा एखादाच असला तरी. हाताला आंब्याची साल आणि वर चुन्याची निवळी पडली की पाणी पिवळं होतं. हात आजाऱ्याचा असो, धडधाकटाचा असो, की मुसळ असो. त्यानं कावीळ उतरत नाही. घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले तर त्याला दवाखान्यात न्या, रक्त तपासा. आजच न्या.